खापरपणजोबांचा माग

"सर, माझे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले. त्यांची माहिती कोठे मिळेल?"

अकरावीच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न मला विचारला तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत होतो आणि त्याच्या हातात व्हर्नियर कॅलिपर होते. प्रश्न इतिहासाचा, विचारला भौतिकशास्त्राच्या मास्तरला! पण मला तो आवडला. दिसत नाही अशा गोष्टीचा अप्रत्यक्ष पुराव्यावरून माग काढणे हाच तर आमचा रोजचा धंदा. शंभर वर्षांपूर्वीचा एक शिपाई आणि अणूतला इलेक्ट्रॉन या दोघांनाही आपण समोर उभे करू शकत नाही. त्यांनी मागे ठेवलेल्या खुणाच तेवढ्या मोजता येतात.

हा मुलगा मोशीचा. मोशी हे इंद्रायणीकाठचे गाव. पुणे-नाशिक रस्ता गावातून जातो. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, आणि आज जेथे इमारती दिसतात तेथे मुलाच्या आजोबांनी बाजरी केली होती. त्याच्या घरी मी गेलो ते रविवारी सकाळी. आजींनी चहा दिला आणि बसता बसताच म्हणाल्या, "सर, बाकी काही नको. आमच्या आजेसासऱ्यांची तिथी तेवढी शोधून द्या. दरवर्षी सर्वपित्रीला पान वाढतो. तिथी ठाऊक नाही म्हणून."

तुमच्या लक्षात आले का? नातू म्हणत होता 'पणजोबा', आजी म्हणत होत्या 'आजेसासरे'. आजींचे आजेसासरे म्हणजे त्यांच्या यजमानांचे आजोबा. म्हणजेच नातवाचे खापरपणजोबा! एका पिढीची चूक. शोधाला निघण्यापूर्वीच ती सापडली हे बरे झाले, कारण एक पिढी चुकली की युद्धच चुकते.

हा हिशेब तुम्हीही आपापल्या घरी करून पाहा. बाप आणि मूल यांच्या वयांतील अंतर सरासरी २७ ते ३० वर्षे धरा. मुलाचा जन्म २०१० चा. तीन पिढ्या मागे गेलो, तर पणजोबांचा जन्म १९२० ते १९२९ च्या दरम्यान येतो. पहिल्या महायुद्धात त्यांना बंदूक उचलता येणे शक्य नाही. चार पिढ्या मागे गेलो, तर १८९० ते १९०२. आता १९१४ ते १९१८ चे युद्ध जुळते. 'बसरा' या शब्दावर मात्र विसंबू नका. पहिल्या महायुद्धात भारतीय फौजा बसऱ्याला उतरल्या, तशाच दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४१ मध्ये पुन्हा उतरल्या. घरात चालत आलेली आठवण खोटी नसते, पण तिच्यावर तारीख घातलेली नसते.

त्या मुलाचे पणजोबा सैन्यात असते तर ते कोणाच्या वयाचे असते ठाऊक आहे? नायक यशवंत घाडगे यांच्या. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचे हे जवान पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांचे वय होते २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. इतक्या मोठ्या पदकाच्या मानकऱ्याचे कागद शोधणे अवघड नसते. अवघड असते ते ज्याला कोणतेच मोठे पदक मिळाले नाही अशा साध्या शिपायाचे.

ट्रंकेतले पदक

आजींनी देवघराखालची ट्रंक ओढली आणि फडक्यातून एक पदक काढले. रुपयापेक्षा मोठे, चांदीसारखे चकचकीत. एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष आणि १९१४, १९१८ हे आकडे. हे 'ब्रिटिश वॉर मेडल'. म्हणजे पिढ्यांचा आपला हिशेब पदकानेही मान्य केला. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आले की आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांचा जीव भांड्यात पडतो.

या पदकाची एक गंमत आहे. लढाऊ शिपायांना ते चांदीचे मिळाले, तर भारतीय मजूर तुकड्यांतील माणसांना काशाचे. तेव्हा पदकाची धातू सांगते की पूर्वज बंदूक घेऊन गेला की फावडे घेऊन. (फावडे घेऊन गेलेला कमी शूर होता असे कोणी समजू नये. तोफगोळा दोघांना ओळखून पडत नाही.) काळवंडलेल्या पदकाची धातू डोळ्यांनी ओळखता येत नसेल, तर आर्किमिडीजला हाक मारा. पदक दोऱ्याने तराजूला टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोला. समजा हवेत ३१.२ ग्रॅम भरले आणि पाण्यात २८.२ ग्रॅम. फरक ३ ग्रॅम, म्हणजे पदकाचे आकारमान ३ घन सेंटिमीटर. ३१.२ भागिले ३ बरोबर १०.४. ही पदकाच्या चांदीची घनता. काशाची घनता नऊच्याही आत असते. आजींच्या पदकाने चांदीचा कौल दिला.

पण खरा मजकूर पदकाच्या तोंडावर नसतो, कडेवर असतो. नाण्याच्या कडेला जेथे दाते असतात, तेथे या पदकावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरे झिजलेली असली तर खोलीत अंधार करा आणि बॅटरीचा झोत अगदी तिरपा, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. ०.१ मिलिमीटर खोल खळग्याची सावली ४५ अंशांच्या प्रकाशात ०.१ मिलिमीटरच पडते. प्रकाशाचा कोन ५ अंश केलात तर तिची लांबी होऊ पाहते १ मिलिमीटरहून अधिक, म्हणजे अख्खा खळगा अंधाराने भरून जातो आणि अक्षर उठून दिसते. मग झोत दुसऱ्या बाजूने आणा. एका बाजूने न दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. जुने शिलालेख वाचणारे हीच युक्ती वापरतात.

आम्ही दारे-खिडक्या लावून घेतल्या. मुलाने बॅटरी धरली, मी भिंग. हळूहळू रोमन लिपीतले नाव उमटले. त्यापुढे '११०' आणि 'मराठा' एवढे वाचता आले. क्रमांकाच्या जागी मात्र गुळगुळीत चांदी होती.

"दर दसऱ्याला मी रांगोळीने घासते की," आजी कौतुकाने म्हणाल्या. "माझ्या सासूबाईही घाशीत."

रांगोळीचे कण चांदीहून कठीण असतात. शंभर दसऱ्यांत क्रमांक पुसून गेला होता. मी काही बोललो नाही. तुम्हाला मात्र सांगून ठेवतो. घरात असे पदक असेल तर त्याला चिंच, राख, रांगोळी काहीही लावू नका. काळेच राहू द्या.

पलटणीचा पत्ता

'११० मराठा' म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. आज या नावाची पलटण शोधाल तर सापडणार नाही. १९२२ साली सैन्याची फेररचना झाली आणि जुने क्रमांक बदलले. १०३ वी, १०५ वी, ११० वी अशा वेगवेगळ्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री या एकाच रेजिमेंटमध्ये आल्या, आणि ११० वी झाली तिसरी पलटण. म्हणजे वर ज्यांचे नाव आले त्या यशवंत घाडग्यांचीच! २८ वर्षांच्या अंतराने तीच पलटण एकदा तैग्रिसच्या काठी लढली आणि एकदा टायबरच्या. तेव्हा पदकावर '११०' आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या कागदावर '३/५' असे दिसले, तर पूर्वज दोन पलटणींत होता असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

११० वी पलटण ६ व्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती. (डिव्हिजनचे नाव पुणे म्हणून सगळे शिपाई पुण्याचे असे नव्हे. तिच्यात अनेक प्रांतांतले लोक होते, इंग्रजही होते.) जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही फौज बगदादच्या जवळ पोचली आणि तेथून मागे हटत कुट-अल-अमारा या गावात आली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की सैन्याने गावाला वेढा घातला. जवळजवळ पाच महिने तो चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शस्त्रे ठेवली. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले गेले. त्यांतले बरेच जण परतले नाहीत.

आजींचे आजेसासरे वेढ्यात गेले, कैदेत गेले, की त्याआधीच एखाद्या लढाईत? घरात कोणालाच सांगता येत नव्हते. त्यांचा मुलगा, म्हणजे आजींचे सासरे, तेव्हा तान्हा होता.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची समाधी ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला मोठे स्मारक उभारले गेले. तेथे तुम्ही गेलात तरी आपल्या शिपायाचे नाव दिसणार नाही. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या लिहिली गेली. अमुक इतके शिपाई, बस्स! युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हा भेदभाव उघडपणे मान्य केला आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी तेथील संसदेत माफी मागितली. दगडावर नावे नसली तरी आयोगाच्या नोंदवहीत ती होती, आणि आता ती संगणकावर कोणालाही पाहता येतात. नाव, क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा' असा पत्ताही.

मुलाने उत्साहाने शोधाच्या चौकटीत गावाचे नाव टाकले आणि ओरडला, "सर, मोशी सापडली!" सापडलेली मोशी होती आफ्रिकेतली. किलीमांजारो पर्वताच्या पायथ्याशी, आजच्या टांझानियात, मोशी याच नावाचे शहर आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून ते मार्च १९१६ मध्ये जिंकले गेले. त्या मोहिमेत भारतीय पलटणीही होत्या, आणि तेथे युद्धसमाध्यांची दफनभूमी आहे. एकाच्या मृत्यूचे गाव दुसऱ्याच्या जन्माचे गाव समजण्याचा हा सापळा फक्त मोशीकरांसाठीच लावून ठेवलेला दिसतो!

त्यातून इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेली मराठी नावे. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' एक, 'ण' आणि 'न' एक, 'ट' आणि 'त' एक. पवार कधी 'पोवार', कधी 'पुआर'. नावाची तीन रूपे, आडनावाची तीन आणि गावाची दोन धरली तरी ३ × ३ × २ म्हणजे १८ प्रकारे शोधावे लागते. आडनाव तर पिढीगणिक बदलूही शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील रामजी लष्करात सुभेदार, आजोबा मालोजीही लष्करात. कुळाचे आडनाव सकपाळ आणि मूळ गाव आंबडवे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर नाव लागले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. आंबेडकर या आडनावाने कोणी लष्कराचे जुने कागद चाळत बसला, तर त्याच्या हाती आजोबांचा पत्ता लागेल कसा? पूल आहे तो शाळेच्या नोंदवहीत.

आमचा पूल निघाला तो जमिनीच्या कागदात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. तेव्हापासून जमिनीचा धारक मेला की त्याच्या वारसाचे नाव लावण्यासाठी फेरफार होऊ लागले. मोशी-भोसरीच्या बाजूला एक फायदा असा, की नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाल्यावर जमिनींचे संपादन सुरू झाले आणि मोबदल्यासाठी लोकांनी जुने फेरफार जिवापाड जपले. आजींच्या ट्रंकेतही उतारा होता. त्यात खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, 'लढाईवर मयत', वारस म्हणून अज्ञान मुलगा आणि पालनकर्ती त्याची आई. मृत्यूची तारीख? 'सुमारे दोन वर्षांपूर्वी'! हा 'सुमारे' आम्ही प्रयोगवहीत 'अधिक-उणे' असा लिहितो. इतके करून काळ १९१६ च्या आगेमागे आला.

गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, पुष्कळ ठिकाणी मोडीत असतात. जाणकाराकडून आम्ही त्या वाचून घेतल्या. खापरपणजोबांचा मृत्यू तेथे नाही. असणारच नाही, कारण त्या वहीत गावात मेलेल्यांची नोंद होते. नोंद नाही म्हणून घटना नाही असे म्हणता येत नाही. आधी विचारावे, की घटना घडली असती तर ती या वहीत उतरली असती काय?

दोघे जण

नोंदवहीत त्या नावाचे, ११० व्या पलटणीचे दोघे सापडले. एकाच्या पुढे वडिलांचे नाव फेरफाराशी जुळणारे, गावाचे नाव अर्धवट कळणारे, पण तालुका खेड. मोशी तर हवेली तालुक्यात. इंद्रायणीपलीकडे खेड तालुका लागतो. कारकुनाची चूक, की हा पलीकडच्या काठचाच कोणी? दुसऱ्याच्या पुढे वडील नाहीत, गाव नाही, काहीच नाही.

"वडिलांचे नाव जुळते म्हणजे पहिलेच आमचे," मुलगा म्हणाला. तुम्हालाही तसेच वाटते ना? थोडा हिशेब करू. समजा त्या काळी तीस माणसांत एकाचे नाव तेच असे, आणि तीस बापांत एकाचे नाव तेच. दोन्ही जुळण्याची शक्यता ९०० त एक. पण नोंदवहीत मराठी नावे नऊ हजार असली तर निव्वळ योगायोगाने दहा जण जुळतील. पलटणीमुळे हा आकडा खूप खाली येतो हे खरे. तरी येथे एक खड्डा आहे. शक्यतांचा गुणाकार करता येतो तो गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र असल्या तरच. दोन फासे स्वतंत्र असतात. आपली खेडी तशी नसतात! एका गावचा एक जण पलटणीत गेला की त्याच्यामागून त्याच पलटणीत भावकीतले आणि शेजारच्या गावचे सोयरे जातात. नावेही स्वतंत्र नसतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. त्यामुळे गणपत बाळा, बाळा गणपत, पुन्हा गणपत बाळा असे आवर्तन एकाच घरात चालू राहते. त्याचा आवर्तकाल सुमारे ५५ वर्षे! नाव, बाप आणि गाव तिन्ही जुळूनही माणूस आजोबा नसून नातू असू शकतो. आम्हाला तारखांनी त्या घोटाळ्यातून वाचवले. उरलेल्या दोघांतून मात्र निवड करता येईना. ज्याने एका क्षणात निकाल लागला असता, तो क्रमांक पदकाच्या कडेवरून गेलेला होता.

तारखांच्या तिथी काढणे त्या मानाने सोपे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस जातात. ६ जानेवारी २००० ला अमावास्या होती. उदाहरणादाखल कुट पडल्याचा दिवस घ्या. २९ एप्रिल १९१६ पासून ६ जानेवारी २००० पर्यंत ३०,५६७ दिवस होतात. १०३५ चांद्रमासांचे होतात ३०,५६४. उरले तीन. म्हणजे १९१६ ची ती अमावास्या २९ एप्रिलनंतर तीन दिवसांनी, २ मेच्या सुमारास आली. म्हणून कुट पडले ते चैत्र वद्य द्वादशीच्या आसपास. ही सरासरीची पद्धत आहे. एखाद्या तिथीचा फरक पडू शकतो, तेवढा जुन्या पंचांगावरून नक्की करून घ्यावा.

तशा दोन तिथी कागदावर लिहून आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. मी सगळे सांगितले. दोन माणसे, एक तालुका चुकलेला, एक बिनबापाचा, कोणते आपले ते ठरत नाही. क्रमांक वाचता आला असता तर ठरले असते, हेही सांगावे लागले. आजी पदकाकडे पाहत काही वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, "पण दोघांतला एक आपला आहे ना?"

"बहुधा आहे," मी म्हणालो.

"आणि दुसरा, त्याच्या घरी कोणाला तिथी ठाऊक असेल?"

त्या वर्षी पितृपक्षात त्यांच्या घरी सर्वपित्रीऐवजी दोन वेगवेगळ्या दिवशी पान वाढले गेले. दोन्ही दिवशी मला जेवायला बोलावणे होते.